रिपोर्ट म्हणतो पाणी चांगलं, नाक म्हणतं पेट्रोल

पत्र

नमस्कार. नाशिकच्या जरा बाहेर, महामार्गाला लागून आमचं घर आणि दोन एकर द्राक्षबाग आहे. गावाचं नाव छापू नये ही विनंती. रस्त्याकडची पंधरा गुंठे जागा सासऱ्यांनी वीसेक वर्षांपूर्वी पेट्रोल पंपाला भाडेकराराने दिली. आमची विहीर पंपापासून सत्तर-ऐंशी पावलांवर, पन्नास फूट खोल. यंदा गणपतीत बादलीतल्या पाण्याला पेट्रोलसारखा वास आला. आधी वाटलं भास असेल. पण दिवाळी झाली तरी वास येतोच आहे, कधी कमी, कधी जास्त. पाण्यावर तवंगही दिसतो. पाणी तपासून आणलं तर रिपोर्टवर 'पिण्यास योग्य' असा शेरा. पंपाचे मालक तोच कागद दाखवून म्हणतात, "वहिनी, मनाचे खेळ आहेत." सासरे म्हणतात, भाडं वेळेवर येतंय, उगाच वाकड्यात शिरू नको. आम्ही पाणी उकळून, गाळून पितो. घरात चार वर्षांचा मुलगा आहे. रिपोर्टची प्रत सोबत जोडली आहे. मी काय करू?

एक वाचक, नाशिक जिल्हा

उत्तर

ताई, बाकी सगळं नंतर. ते पाणी पिणं आणि त्यावर स्वयंपाक करणं आजपासून बंद करा. उकळणं तर आधी बंद करा. उकळून जंतू मरतात. पेट्रोलमधलं बेन्झिन, टोल्युइन मरत नाही, ते वाफेबरोबर उडून तुमच्या स्वयंपाकघराच्या हवेत येतं आणि तुम्ही शेगडीपाशी उभ्या असता. कापडाने गाळून काहीच अडत नाही. घरी आरओ असेल तर त्याच्यावरही विसंबू नका. त्यातला कार्बनचा भाग थोडंफार धरतो, पण तो भरला हे कळायला काही साधन नसतं. गीझरच्या गरम पाण्याने बंद न्हाणीघरात अंघोळ करतानाही हीच वाफ नाकात जाते, म्हणून मुलाच्या अंघोळीलाही दुसरं पाणी घ्या. ग्रामपंचायतीचा नळ, जार, टँकर, जे जमेल ते. खर्च होईल. त्याच्या पावत्या जपून ठेवा, पुढे लागतील.

एवढी घाई कशासाठी, तर बेन्झिन माणसात कर्करोग घडवतं हे सिद्ध झालेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम ठेवली आहे. नुसत्या बेन्झिनचा वास किंवा चव पाण्यात कळायला त्याच्या कितीतरी पट जास्त प्रमाण लागतं. तेव्हा वास कमी झाला त्या दिवशी पाणी सुधारलं असं धरून चालू नका. यावरून घाबरून जायचंही कारण नाही. हा धोका वर्षानुवर्षं पोटात जाण्याचा असतो, दोन महिन्यांत आभाळ कोसळत नाही. मुलाच्या डॉक्टरांना मात्र ही हकिगत सांगून ठेवा.

दुसरी गोष्ट तेवढीच तातडीची. त्या विहिरीत कोणालाही उतरू देऊ नका. गाळ काढायला नको, फूटव्हॉल्व्ह (पाइपच्या तळाची झडप) सोडवायला नको, पाइप जोडायलाही नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती विहिरीच्या तळाशी साचून राहते. खाली गेलेला माणूस आधी बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो. विहिरीत दिवा, काडी, विडी काही टाकायचं नाही. "जाळून बघू, पेट्रोल आहे का" असं सुचवणारा एक तरी शहाणा प्रत्येक गावात असतोच, त्याला लांब ठेवा. मोटारीचा स्टार्टर किंवा उघडी जोडणी विहिरीच्या तोंडाशी असेल तर इलेक्ट्रिशियनकडून ती दूर हलवून घ्या.

आता तुमच्या रिपोर्टकडे येऊ.

तो खोटा नाही. सामू, क्षार, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड, लोह आणि कोलिफॉर्म जंतू एवढंच त्यात पाहिलेलं आहे. गावोगावच्या पाणी प्रयोगशाळा एरवी हेच पाहतात आणि रोजच्या कामाला तेवढं पुरतं. यातली एकही चाचणी पेट्रोल शोधत नाही. 'पिण्यास योग्य' हा शेरा त्या आठ-दहा गोष्टींपुरता आहे. पंपमालकांना हे ठाऊक नसेल, किंवा असेल. त्यात आत्ता पडू नका.

पण ताई, त्याच कागदावर दोन आकडे आहेत, त्यांच्याकडे पाहून मी थबकलो. तुमच्या विहिरीत नायट्रेट जवळजवळ शून्य आहे आणि लोह मर्यादेच्या काठावर. द्राक्षबागेच्या मधोमध असलेल्या विहिरीत नायट्रेट शून्य? खत घालून घालून आपल्याकडच्या बागायती पट्ट्यातल्या विहिरींची तक्रार नेमकी उलटी असते, ४५ मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडल्याची. जमिनीतले काही जिवाणू पेट्रोल खातात. आधी ते पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन वापरून संपवतात, मग नायट्रेटवर भागवतात, मग खडकातलं लोह सोडवून पाण्यात आणतात. म्हणजे नायट्रेट गायब आणि लोह वर, हा इंधन मुरलेल्या पाण्याचा एक ठसा आहे. सांडपाणी मुरल्यानेही असं होऊ शकतं, तेव्हा एवढ्यावर निकाल देता येत नाही. पण शेजारच्या दोन विहिरींचं पाणी त्याच प्रयोगशाळेत, त्याच दिवशी द्या. चारदोनशे रुपयांचं काम. त्यांच्यात नायट्रेट भरपूर आणि एकट्या तुमच्यात नाही असं निघालं, तर मनाचे खेळ म्हणणाऱ्यांपुढे त्यांच्याच आवडत्या कागदाशेजारी आणखी दोन कागद ठेवता येतील.

तवंगाचं म्हणाल तर एक काडी घ्या आणि बादलीतला तवंग मधोमध कापा. काचेचा पापुद्रा फुटावा तसे तुकडे होऊन ते वेगवेगळे राहिले तर तो लोहाच्या जिवाणूंचा थर आहे, निरुपद्रवी. कापलेली जागा लगेच मिटून रंगांची वेटोळी पुन्हा जुळली तर तेल किंवा इंधन. हे सकाळच्या उजेडात करा आणि मोबाइलवर चित्रण करून ठेवा, तारीख-वेळेसकट.

इंधन निघालं तरी ते पंपाचंच, हे अजून ठरायचं आहे. माझ्या पाहण्यातल्या एका ठिकाणी महिनाभर पंपावर बोटं दाखवून झाली आणि शेवटी विहिरीतल्याच सबमर्सिबल मोटारीचं सील गेलेलं निघालं, मोटारीतलं तेल पाण्यात उतरत होतं. गणपतीच्या आधी तुम्ही मोटार भरून आणली होती का? नवी पीव्हीसी पाइपलाइन जोडली? त्या जोडणीच्या सोल्युशनचा वास कित्येक दिवस पाण्याला येतो आणि तो बऱ्याच जणांना पेट्रोलसारखाच वाटतो. जवळ गॅरेज आहे? जनरेटरसाठी डिझेलचे ड्रम कोणी ठेवतं? फवारणीचं औषध कालवायची जागा विहिरीच्या काठावरच तर नाही ना? काही कीटकनाशकं झायलीनसारख्या द्रावकात बनवलेली असतात. हे प्रश्न मी विचारतोय कारण पलीकडचे लोक हेच विचारणार आहेत. उत्तरं आधी तुमच्याकडे हवीत.

आता गणपतीतच का, ते पाहू. मला पंपाचा संशय दाट वाटतो तो यामुळेच.

आपल्याकडे वर वीत-दोन वीत किंवा फार तर काही फूट माती, खाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. पंपाची टाकी पुरायला हा मुरूम आणि वरचा कातळ फोडून खड्डा करतात, टाकी ठेवतात आणि भोवती वाळू भरतात. चारी बाजूंनी कातळ, आत वाळू: म्हणजे एक दगडी हौदच झाला. उन्हाळ्यात टाकी किंवा तिची पाइपलाइन थोडी थोडी पाझरत असेल तर इंधन त्या वाळूत मुरून राहतं, कोणाला पत्ता लागत नाही. पावसाळ्यात भूजल चढतं, हौद भरतो. पेट्रोल पाण्याहून हलकं, लिटरला पाऊण किलोच्या आसपास, म्हणून ते पाण्यावर तरंगत वर येतं आणि हौदाच्या काठाला जिथे भेग सापडेल तिथून बाहेर पडतं. ती भेग तुमच्या विहिरीच्या वरच्या झऱ्यांशी जुळलेली असेल तर भाद्रपदात वास येणारच. उलट मार्च-एप्रिलमध्ये पाणी खाली गेलं की वरचे झरे बंद होतील, वासही जाईल. तेव्हा पंपमालक म्हणतील, "बघा, आपोआप गेला." गेलेला नसेल. मधल्या मुरमात आणि भेगांत चिकटून बसलेला असेल, पुढच्या पावसाची वाट पाहत.

म्हणून पाण्याचा नमुना आत्ता, विहीर भरलेली असताना घ्या. पुढचा मे महिन्यात आणि तिसरा पुढच्या पावसाळ्यानंतर. एका नमुन्यावर ना कोणाला दोषी धरता येतं, ना कोणाला सोडता येतं.

आणि नमुना कशात घेता यावर सगळं अवलंबून आहे. तुम्ही मागच्या वेळी बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीतून पाणी नेलं असावं. अशा बाटलीत पेट्रोलचे घटक प्लास्टिकमध्ये शिरतात, उरलेले झाकणाखालच्या हवेत उडतात आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत पाणी खरोखरच स्वच्छ होतं. प्रयोगशाळेकडूनच चाळीस मिलिलिटरच्या तपकिरी काचेच्या कुप्या मागून घ्या, टेफ्लॉनच्या चकतीच्या झाकणाच्या. त्यांत आम्लाचे एक-दोन थेंब आधीच घातलेले असतात, ते धुऊन टाकू नका. कुपी तिरकी धरून, धार काचेवरून अलगद सोडत, पाण्याला फुगवटा येईपर्यंत भरायची आणि मग झाकण फिरवायचं. आता ती उलटी करून बोटाने टिचकी मारा. आत वाटाण्याएवढा सोडा, मोहरीएवढा बुडबुडा दिसला तरी ती बाजूला ठेवून दुसरी भरा. प्रत्येक ठिकाणच्या दोन-तीन कुप्या भरा. त्याच पेटीत प्रयोगशाळेने शुद्ध पाणी भरून दिलेली एक सीलबंद कुपी न उघडता नेऊन परत आणा. पेटीतच वास शिरला असेल तर ती चुगली करते. कुप्या बर्फात ठेवा, त्याच दिवशी पोचवा. मोटारसायकलच्या डिकीत पेट्रोलच्या कॅनशेजारी नेऊ नका, आणि वाटेत पंपावर टाकी भरून त्याच हातांनी कुप्या हाताळू नका. हसू येईल, पण अशाने कित्येक रिपोर्ट वादात सापडतात.

पाणी घराच्या नळाचं घ्यायचं नाही. गच्चीवरच्या टाकीत ते आपटून, उघड्यावर राहून निम्मं उडालेलं असतं. विहिरीतूनच घ्या, तेही दोन ठिकाणचं: एक अगदी पृष्ठभागाचं, एक दहा-बारा फूट खालचं. यासाठी बेलर नावाची पारदर्शक लांब नळी मिळते, खालून झडप असते. ती पाण्याच्या पृष्ठभागावर अर्धी बुडवून हळूच वर काढली की वर इंधनाचा थर किती जाडीचा आहे ते डोळ्यांनी दिसतं. नमुना घेणारा माणूस हे करील, तुम्ही शेजारी उभं राहून फोटो काढा.

प्रयोगशाळा कुठली? एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे एवढं विचारून थांबू नका. मान्यता चाचणीगणिक असते. "पाण्यातलं बेन्झिन तुमच्या मान्यतेच्या व्याप्तीत आहे का, आणि तुमची यंत्रणा किती कमी प्रमाण पकडते?" हे दोन प्रश्न विचारा. ०.०१ ची मर्यादा असताना ज्यांचं यंत्र ०.०५ च्या खाली पाहूच शकत नाही, त्यांचा 'आढळलं नाही' काय कामाचा? मागायचं ते असं: बेन्झिन, टोल्युइन, इथाइलबेन्झिन, झायलीन, नॅप्थलीन, एमटीबीई, आणि पेट्रोलच्या व डिझेलच्या पट्ट्यातले एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन. सोबत गॅस क्रोमॅटोग्राफचा आलेखही मागा. पेट्रोल, डिझेल आणि मोटारीचं तेल यांची शिखरं त्या आलेखावर वेगवेगळ्या जागी येतात, जाणकार माणूस पाहताक्षणी ओळखतो. तुमचा मोटारीच्या तेलाचा प्रश्न तिथेच सुटेल. एमटीबीईचं नाव मुद्दाम घेतलं. ते पेट्रोलमध्ये मिसळलं जातं, पाण्यात चटकन विरघळतं आणि बाकीच्यांच्या पुढे धावतं. अमेरिकेत सांता मोनिका शहराला १९९६ मध्ये त्याच्यापायी पिण्याच्या पाण्याच्या बहुतेक विहिरी बंद कराव्या लागल्या होत्या. आता आपल्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. तेही पाण्यात सहज मिसळतं, आणि जिवाणू आधी त्याच्यावर ताव मारत असल्याने बेन्झिन मागे राहून जास्त लांबवर जातं.

यानंतर दिशा. पाणी पंपाकडून तुमच्याकडे येतं की तुमच्याकडून पंपाकडे जातं, याचं उत्तर कागदावर नसेल तर उरलेलं सगळं हवेत आहे. त्यासाठी तीन विहिरी लागतात, एका रेषेत नसलेल्या. आदल्या रात्री तिन्हींच्या मोटारी बंद ठेवा. सकाळी वजन बांधलेल्या टेपने प्रत्येकीच्या काठापासून पाणी किती खाली आहे ते मोजा. मग एखादा सर्व्हेयर अर्ध्या दिवसासाठी बोलावून तिन्ही काठांची एकमेकांच्या तुलनेतली उंची ऑटो लेव्हलने काढून घ्या. काठाच्या उंचीतून पाण्याची खोली वजा केली की पाण्याची पातळी मिळते, आणि तीन पातळ्यांवरून उतार कुठे आहे ते काढता येतं. बहुतेक वेळा तो ओढ्याच्या, नाल्याच्या बाजूला निघतो. पण आपला कातळ हट्टी आहे. पाणी भेगांतून जातं, आणि भेग उताराला आडवी असेल तर तेही आडवं जातं. जमिनीत डाइकची, म्हणजे कातळात उभ्या घुसलेल्या दुसऱ्या दगडाची, भिंत असेल तर आणखी वेगळं. तरी ही मोजणी करून ठेवाच. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं कार्यालय नाशिकमध्ये आहे, तिथल्या भूवैज्ञानिकाला हे आकडे दाखवले तर तो तुमचं बोलणं जास्त मनावर घेईल.

बागेला हे पाणी द्यावं का, हे तुम्ही विचारलं नाही, पण गोडी छाटणी होऊन गेली आहे, तेव्हा प्रश्न येणारच. दुसरी सोय असेल तर निकाल येईपर्यंत देऊ नका. वेलांपेक्षा मला मोटारीची चिंता जास्त. विहीर जोरात उपसली की भोवतालचं पाणी तिच्याकडे ओढलं जातं, पंपाखालचंही. "सगळी विहीर उपसून टाका, साफ होईल" हा सल्ला तुम्हाला शंभरजण देतील. तसं करून आणखी इंधन ओढून घ्याल, आणि उपसलेलं ओढ्यात सोडलंत तर प्रदूषण करणाऱ्यांच्या यादीत तुमचंही नाव लागेल.

पंपाच्या बाजूने काय पाहायचं तेही सांगतो. गळती म्हटलं की लोकांना टाकीला पडलेलं भोक दिसतं. प्रत्यक्षात पाइपचे सांधे, टँकर रिकामा करायचं तोंड आणि टाकीवरचे चेंबर यांचाही वाटा मोठा असतो. जुन्या पद्धतीत वितरण यंत्र टाकीतून इंधन वर ओढून घ्यायचं, सांधा सैल झाला तर पाइप हवा ओढायचा आणि गळती थोडक्यात राहायची. आता पुष्कळ ठिकाणी टाकीतच बुडवलेला पंप इंधन दाबाने पुढे ढकलतो. त्यात सांधा गेला की गाडीत तेल भरलं जात असताना प्रत्येक वेळी थोडं जमिनीत जातं.

मालकांना ते कळत नाही का? कळेलच असं नाही. रोज डिप घेतात, म्हणजे टाकीत पट्टी बुडवून साठा मोजतात, विक्रीच्या आकड्याशी ताळा करतात, आणि थोडी घट उडून गेली म्हणून धरून चालतात. समजा रोज ५,००० लिटर विक्री आहे आणि अर्धा टक्का घट कोणी मनावर घेत नाही. रोजचे २५ लिटर झाले. वर्षाला नऊ हजारांच्या वर. पानेवाडीच्या डेपोतून येणाऱ्या एखाद्या लहान टँकरएवढं इंधन तुमच्या मुरमात, आणि रजिस्टर स्वच्छ. म्हणून मालकांना चोर समजून बोलायला जाऊ नका. त्यांचाही पैसा जमिनीत जात असू शकतो, आणि ही गोष्ट तशी मांडली तर ते कदाचित ऐकतील. एक खूण तुम्हीही तपासू शकता. पावसाळ्यात भूजल टाकीच्या वर चढलं की छिद्रातून उलट पाणी आत शिरतं, टाकीच्या तळाशी साचतं. पंपावरच्या पोरांशी ओळख असेल तर सहज विचारा, श्रावण-भाद्रपदात टाकीतून पाणी काढावं लागलं का, पेट्रोलमध्ये पाणी म्हणून गाड्या बंद पडून गिऱ्हाइकं भांडली का.

टाकीची आणि पाइपलाइनची दाब-चाचणी ही खरी परीक्षा, पण ती तुम्ही करवून घेऊ शकत नाही. ती करायला लावणारे लोक वेगळे. म्हणून अर्ज.

अर्ज महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नाशिक प्रादेशिक कार्यालयाला. प्रती जिल्हाधिकाऱ्यांना (पंपाचं ना-हरकत प्रमाणपत्र त्यांच्याच कार्यालयातून निघतं), इंधनसाठ्याचा परवाना देणाऱ्या पेसोला, म्हणजे पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेला, जिचं मुख्यालय नागपूरला आहे, तेल कंपनीच्या विभागीय कार्यालयाला आणि ग्रामपंचायतीला. हाताने द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता असं समजा. मजकूर कोरडा ठेवा: "दिनांक अमुकपासून आमच्या विहिरीच्या पाण्याला इंधनसदृश वास व तवंग आहे. विहिरीपासून अंदाजे इतक्या मीटरवर भूमिगत इंधनसाठा आहे. सोबत तपासणी अहवाल. स्रोताचा शोध, टाकी व पाइपलाइनची गळती-चाचणी, आणि परिसरातील माती व भूजलाची तपासणी व्हावी." पंपाने विष कालवलं, अधिकारी मिळालेले आहेत, असलं काही नको. १९७४ चा जल कायदा विहिरीतल्या पाण्यालाही लागू आहे. तुमच्या कुप्यांचा निकाल मंडळाला जागेवर आणण्यासाठी आहे. कायद्यात वजन पडतं ते त्यांच्या अधिकाऱ्याने रीतसर घेऊन सील केलेल्या नमुन्याला. तेव्हा "तुमचा नमुना आहेच की" म्हणत ते परत निघाले तर जाऊ देऊ नका. कुप्या कुठल्या, ते मात्र त्यांच्याही बाबतीत पाहा.

केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले आहेत. त्यात संशयित जागांची यादी जिल्हा प्रशासनाने किंवा स्थानिक संस्थेने राज्य मंडळाकडे पाठवायची आणि मंडळाने त्यांची पाहणी करायची अशी व्यवस्था आहे. अर्जात या नियमांचा उल्लेख करा. नातेवाइकांपैकी कोणीतरी तुम्हाला पंप वस्तीपासून ५० मीटर लांब असावा हा नियमही व्हॉट्सॲपवर पाठवील. तो केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये नव्या पंपांसाठी घातला, तुमचा पंप त्याच्या आधीचा. त्यावर भांडण उभारू नका, पहिल्याच उत्तरात पडेल. कंपनी सरकारी असेल तर माहिती अधिकारात टाक्या कधी बसवल्या, दाब-चाचण्या कधी झाल्या आणि त्यांचे अहवाल काय, एवढंच मागा.

मंडळाकडून कोणी खोदायला आलं तर एक लक्षात ठेवा. तरंगणारं इंधन शोधायचं तर निरीक्षण-बोअरची जाळीची नळी भूजलाच्या पातळीच्या वर आणि खाली, दोन्हीकडे असायला हवी. दोनशे फूट बोअर मारून, वरचे चाळीस फूट केसिंगने बंद करून, तळातलं पाणी तपासून 'स्वच्छ' म्हणणं सोपं असतं. इंधन असतं वर, आणि वरचं तर त्यांनीच झाकलेलं. शिवाय असा बोअर वरचं दूषित पाणी खालच्या चांगल्या झऱ्यात सोडणारी वाट ठरू शकतो. माती तपासायची तर टाकीच्या खड्ड्याभोवती, टँकर रिकामा करायच्या तोंडापाशी आणि पाइपलाइनच्या मार्गावर. पंपाच्या मागच्या मोकळ्या कोपऱ्यातून दोन घमेली माती नेऊन उपयोग नाही.

हे सगळं करूनही कोणी हललं नाही तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं खंडपीठ पुण्यात आहे. तिथे वाद दाखल करायला कारण घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत असते, नुकसानभरपाईसाठी पाच वर्षांची. गणपतीतली ती पहिली तारीख म्हणूनच महत्त्वाची. आठवून वहीत लिहा, आणि त्या दिवशी घरी कोण पाहुणे होते तेही.

आता सासरे. त्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही, अर्धवट वाटतं. भाडं येतंय हे खरं, पण जमीन तुमची आहे. करार संपला की कंपनी वितरण यंत्रं उचलून नेईल. खालच्या टाक्या कोण काढणार, भिजलेला मुरूम कोण काढणार, आणि तोवर शेजारच्या विहिरीपर्यंत गेलेलं निस्तरणार कोण? वीस वर्षांपूर्वीच्या करारात याबद्दल एखादी ओळ असेल किंवा नसेल. सासऱ्यांना "तक्रार करूया" म्हणू नका, "करार काढून वाचूया" म्हणा. मुदत संपत आली असेल तर तुमच्या हातात सध्या जेवढं बळ आहे तेवढं पुन्हा येणार नाही. नूतनीकरणाच्या सहीआधी टाक्या-पाइपलाइनची चाचणी आणि माती-पाण्याची तपासणी कंपनीच्या खर्चाने, त्यांचा आणि तुमचा माणूस दोघेही हजर असताना, ही अट घालता येते. करार नोंदणीकृत आहे का आणि समोर सही कंपनीची आहे की डीलरची, हे दोन्ही पाहून मगच वकिलाकडे जा. वकील पहिल्यांदा तेच विचारतील.